चित्राचाही बोनस हवा

२०१८ च्या मे महिन्यात पंधरवड्याच्या आत दोन बातम्या आल्या. रेल्वे मंत्रालयाने घेतलेल्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत चंद्रपूर आणि बल्लारशाह या स्थानकांना विभागून पहिला क्रमांक मिळाला. ताडोबाचं रान भिंतींवर उतरलं होतं, वाघ थेट फलाटावर येऊन बसले होते. दुसरी बातमी १५ तारखेची. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे गेले. शिल्पगुरू, नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ ची पद्मश्री एवढं सगळं नावावर असलेला हा माणूस शेवटपर्यंत डहाणू तालुक्यातल्या आपल्या पाड्यावरच राहिला.

पहिल्या बातमीत भिंती गाजल्या आणि त्या रंगवणारे स्थानिक हात मागे राहिले. दुसऱ्या बातमीत नाव गाजलं, पण त्या नावाची कितीतरी चित्रं तोवर पाड्यापासून फार लांब, परदेशातल्या खासगी संग्रहांत जाऊन बसली होती. चंद्रपूर-गडचिरोलीने या दोन बातम्या एकत्र वाचायला हव्यात. कारण चित्रकार गेल्यावर त्याचं चित्र ज्याच्या घरात असतं, त्याचं चित्रकाराच्या घराशी काय नातं उरतं, हा प्रश्न आज डहाणूचा असला तरी उद्या मूल आणि एटापल्लीचाही असणार आहे.

रेल्वेच्या त्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांमध्ये बिहारचं मधुबनी स्थानक होतं. मधुबनी आणि डहाणू यांना जोडणारा माणूस मराठी होता. १९६० च्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाने पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे धाडलं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हाती कागद द्यायचा, चित्रं विकायची आणि घरात चार पैसे येऊ द्यायचे, असा साधा बेत होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच कुलकर्णी वारली पाड्यांवर पोहोचले. तिथे लग्नाचा चौक काढण्याचा मान सवाशिणींचा. कुलकर्णींना मात्र लग्नसराई नसतानाही चित्रं काढत बसणारा एक पुरुष भेटला. लहानपणी आई गेली तेव्हापासून जिव्या बोलेनासे झाले होते, जे सांगायचं ते मातीत रेघोट्या ओढून सांगत. १९७५ मध्ये मुंबईत केकू गांधी यांच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कागद आल्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. कुडाच्या भिंतीवरचं चित्र विकता येत नाही आणि कोणाला उसनंही देता येत नाही. पुढच्या सारवणाखाली ते जातं आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही. कागदावरचं चित्र मात्र गुंडाळून नेता येतं, तिजोरीत ठेवता येतं, वीस वर्षांनी काढून विकता येतं. वारली चित्राला बाजार मिळाला तो या कागदामुळे, आणि त्याच दिवशी चित्राचं आयुष्य चित्रकाराच्या आयुष्यापासून सुटं झालं.

१९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात ‘पृथ्वीवरचे जादूगार’ अशा अर्थाच्या नावाचं मोठं प्रदर्शन भरलं. जगभरच्या नामांकित चित्रकारांच्या शेजारी तिथे जिव्या सोमा म्हसे होते आणि मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे परधान गोंड चित्रकार जनगढ सिंह श्यामही होते. पुढे १९९६ ते १९९९ या काळात एर्वे पेर्द्रिओल हे फ्रेंच संग्राहक भारतात राहिले. त्यांनी वारली, गोंड, मिथिला चित्रं नावानिशी विकत घ्यायला सुरुवात केली. ‘वारली चित्र’ एवढ्यावर न थांबता ‘जिव्या सोमा म्हसे यांचं चित्र’ असं म्हणणाऱ्या थोड्या लोकांपैकी ते एक. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडोर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग आणि जिव्या यांचं जोडप्रदर्शन झालं, पुढच्या वर्षी ते इटलीत मिलानला गेलं. २०१० मध्ये पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयाने भारतातल्या आदिवासी आणि लोककलावंतांवर मोठं प्रदर्शन केलं. अशा प्रदर्शनांचा मोठा आधार खासगी संग्रह असतात. संग्राहकाने चित्र उसनं दिलं नाही, तर संग्रहालयाची भिंत रिकामी राहते.

या कामाला कमी लेखण्यात अर्थ नाही. सरकारी गोदामात वाळवी लागून गेलेल्या वस्तूंची संख्या मोजायला बसलं तर संग्राहकांचे आभारच मानावे लागतील. पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे गोळा केले नसते, तर त्यातलं बरंचसं भंगारात गेलं असतं. केळकरांनी तो सगळा संग्रह आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने राज्याच्या स्वाधीन केला. औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी स्वतःच्या पैशांनी चित्रं घेऊन संग्रहालय उभं केलं. आदिवासी चित्रांच्या बाबतीत तर सरकारी संग्रहालयं ‘कला’ म्हणायलाच बिचकत होती, तेव्हा काही खासगी माणसांनी पदरचे पैसे घातले. जनगढ यांच्या कामाचा महत्त्वाचा साठा दिल्लीत स्थायिक झालेले मिचेल क्राइट्स यांच्या संग्रहात जपला गेला, त्यावर २०१७ मध्ये पुस्तक निघालं. बंगळुरूत अभिषेक पोद्दार यांनी आपल्या संग्रहातून कला आणि छायाचित्रांचं संग्रहालय उभारलं. जनगढ यांच्यावरचा ज्योतींद्र जैन यांचा ग्रंथ त्याच संस्थेच्या सहकार्याने आला. आज कोणाला जनगढ यांचा अभ्यास करायचा असेल, तर याच दारांवर जावं लागतं.

पण उसनं देण्याचा व्यवहार नीट पाहायला हवा. संग्राहक चित्र देतो तेव्हा करारपत्र होतं. चित्राच्या कोपऱ्याकोपऱ्याची अवस्था लिहून घेतली जाते. विमा उतरवला जातो. कागदावरच्या कामावर प्रकाश जपून, साधारण ५० लक्सच्या आसपास ठेवला जातो. भिंतीवरच्या पाटीवर ‘खासगी संग्रहातून’ असे शब्द येतात. प्रदर्शन संपतं आणि चित्र घरी परततं, ते मात्र पूर्वीच्या भावाने परतत नाही. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी छापतात: चित्र कोणाकोणाच्या हातातून आलं, कुठे प्रदर्शित झालं, कोणत्या पुस्तकात छापलं गेलं. संग्रहालयाचं नाव त्यात चढलं की बोली वर जाते. म्हणजे उसनं देणं हे दान असतंच, शिवाय ती गुंतवणूकही असते. त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की वाढलेल्या भावातून पाड्यावर काय पोहोचतं.

आज त्याचं उत्तर ‘संग्राहकाच्या मर्जीवर’ असं आहे.

जनगढ यांची गोष्ट या मर्जीची दुसरी बाजू दाखवते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनसाठी जगदीश स्वामीनाथन यांनी तरुण चित्रकारांच्या तुकड्या गावोगाव पाठवल्या. पाटणगढच्या एका घराच्या भिंतीवरचं चित्र त्यांच्या नजरेत भरलं आणि विशीतला जनगढ भोपाळला आला. त्याने ठिपक्या-रेघांनी देव, साप, हरणं, झाडं अशी उभी केली की पुढे त्या शैलीलाच लोक त्याचं नाव देऊ लागले. मध्य प्रदेश विधानभवनाच्या भिंतींवर जनगढ यांचं काम आहे. जपानच्या निगाता प्रांतात तोकामाची इथे तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये एका बंद पडलेल्या शाळेत मिथिला संग्रहालय सुरू केलं होतं. भारतातल्या कलावंतांना बोलवायचं, तिथेच राहून चित्रं काढायला सांगायचं आणि ती संग्रहात ठेवायची अशी त्याची रीत. जनगढ तिथे गेले आणि ३ जुलै २००१ रोजी तिथेच त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय जेमतेम चाळीस. त्यांचं मानधन किती होतं, करार काय होता, मुक्काम का लांबला, असे प्रश्न भारतातल्या चित्रकारांनी तेव्हा जाहीरपणे विचारले. एका माणसाच्या मृत्यूची कारणं बाहेरून ठरवता येत नाहीत, ती ठरवूही नयेत. मात्र परक्या देशात, एका खासगी संग्रहासाठी, मानधनावर चित्रं काढणाऱ्या आदिवासी कलावंताच्या हातात कुठला कागद असायला हवा, याचं उत्तर पंचवीस वर्षांनंतरही कोणी लिहून ठेवलेलं नाही.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २००१ मध्ये, दिल्लीत वासुदेव गायतोंडे गेले. नागपुरात जन्मलेले हे चित्रकार हयातीत प्रसिद्धीपासून दूरच राहिले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं सिंहावलोकन भरवलं, तेव्हा अनेक संग्राहकांनी चित्रं उसनी दिली. २०२१ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र ३९ कोटी ९८ लाख रुपयांना गेलं. जनगढ यांचं १९८८ सालचं कोळ्याचं चित्र २०१० मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ३१,२५० डॉलरला विकलं गेलं, तेव्हा आदिवासी चित्रकाराला एवढा भाव मिळाल्याचं केवढं कौतुक झालं. दोन भावांमधली दरी ठळक आहे. पण एका बाबतीत दोघं सारखेच: या फेरविक्रीतला काही वाटा वारसांना द्यावा, असं सांगणारा कोणताही ठरलेला दर देशात लागू नव्हता.

परधान समाजाला हे विशेष विचित्र वाटायला हवं, कारण त्यांच्या घरी कलावंत आणि आश्रयदाता यांच्या नात्याचे नियम फार जुने आहेत. चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोली आणि पलीकडच्या आदिलाबादपर्यंत पसरलेले परधान हे गोंडांचे गायक-भाट. गोंडांच्या कुळांची गाणी त्यांच्या तोंडी, नर्मदेकाठी बाना आणि आदिलाबादकडे किक्री ही वाद्यं त्यांच्या हाती. प्रत्येक परधान घराचे यजमान ठरलेले. ठरावीक वर्षांनी त्यांच्या दारी जायचं, बडा देवाला आळवायचं, पूर्वजांची नावं गायची आणि धान्य, कपडा, कधी गुरंढोरं घेऊन परतायचं. हे सगळं तपशिलात लिहून ठेवणारे शामराव हिवाळे मराठीच. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात व्हेरियर एल्विन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि पुढे दोघं गोंडांमध्ये जाऊन राहिले. जनगढ यांचं पाटणगढ हेच त्यांचं काही वर्षांचं गाव. हिवाळ्यांचं परधानांवरचं पुस्तक १९४६ मध्ये आलं. त्या व्यवस्थेत उच्चनीचता होती, तिचे गोडवे गायचं कारण नाही. तरी एक गोष्ट स्पष्ट होती: गाणं ऐकून यजमान मोकळा होत नसे. त्याच्या मुलाला परधानाच्या मुलाचं देणं लागत असे.

आजचा संग्राहक हा नवा यजमान आहे. त्याच्याकडे भिंत आहे, नाव आहे, किंमत ठरवण्याची ताकद आहे. पिढीजात देणं तेवढं गळून पडलं आहे.

हे देणं परत कसं आणायचं, हे सांगायला गडचिरोलीला बाहेरच्या तज्ज्ञाची गरज नाही. मे महिन्यात तिथल्या कुठल्याही गावात जावं. पहाटे घरंच्या घरं तेंदूच्या पानांसाठी रानात गेलेली असतात. दुपारी अंगणात बसून ७० पानांचा एक असे पुडे बांधले जातात, संध्याकाळी फळीवर मोजणी होते, मजुरी लागते. पण पान तोडणाऱ्याचा हिशेब तिथे संपत नाही. पानं पुढे चढ्या भावाने विकली गेली की त्यातला बोनस तोडणाऱ्याच्या खात्यात यायला हवा, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. हा हक्क आपोआप मिळाला नाही. १९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात होता. मग २००६ चा वनहक्क कायदा आला, २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार त्या ग्रामसभेच्या हाती आला. आज जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. पान एकदा विकलं म्हणून पानाशी असलेलं नातं तुटत नाही, हे तत्त्व त्यांनी भांडून मिळवलं.

चित्रासाठीही हे तत्त्व भारतीय कायद्यात आहे, आणि ही गोष्ट फार थोड्या चित्रकारांना माहीत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ घातलं गेलं. मूळ चित्र, रेखाटन किंवा शिल्प दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या किमतीत कलावंताचा, आणि तो नसेल तर त्याच्या वारसांचा, हिस्सा आहे. कॉपीराइट दुसऱ्याला लिहून दिलेला असला तरी हा हक्क राहतो. कॉपीराइटची मुदत, म्हणजे कलावंताच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं, संपेपर्यंत तो चालतो. हिस्सा दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. नेमका किती, हे कॉपीराइट मंडळाने ठरवायचं होतं. मंडळ गेलं, त्याचं काम दुसऱ्या अपील मंडळाकडे गेलं, २०२१ मध्ये तेही मोडीत निघालं आणि अधिकार व्यावसायिक न्यायालयांकडे आला. एवढ्या फेरफारात दर ठरवायचं राहूनच गेलं. कायदा पुस्तकात आहे, त्याची वसुली कोणी करत नाही.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव इथे उपयोगी आहे, कारण तिथेही प्रश्न आदिवासी चित्रकारांमुळेच पेटला. क्लिफर्ड पॉसम यांनी १९७७ मध्ये काढलेलं ‘वार्लुगुलाँग’ हे भव्य चित्र एका बँकेने १,२०० डॉलरला घेतलं आणि उपाहारगृहात टांगलं. १९९६ मध्ये एका खासगी संग्राहकाने ते लिलावात ३६,००० डॉलरला घेतलं. २००७ मध्ये ते २४ लाख डॉलरला राष्ट्रीय कलादालनाकडे गेलं. चित्रकार २००२ मध्येच गेले होते. दुसरे चित्रकार जॉनी वारांकुला यांचं १९७२ सालचं १५० डॉलरचं चित्र १९९७ मध्ये दोन लाखांवर विकलं गेलं, तेव्हा ते स्वतः हयात होते आणि हलाखीत होते. या उदाहरणांवर देशभर वाद झाला. २००९ मध्ये फेरविक्री हक्काचा कायदा झाला आणि जून २०१० पासून हजार डॉलरवरच्या फेरविक्रीत ५ टक्के कलावंताला किंवा वारसाला मिळू लागले. दर सरळ, वसुली एकाच संस्थेकडे. तिथला कलाबाजार त्यामुळे बुडालेला नाही, आणि लाभ मिळालेल्यांमध्ये आदिवासी कलावंतांची संख्या मोठी आहे.

आक्षेप येतील. हिस्सा लावला तर विक्री लपवली जाईल, व्यवहार रोखीत होतील, असं व्यापारी म्हणतील. लहान चित्रांच्या बाबतीत ते काही अंशी खरंही ठरेल. पण लिलावगृहं आपले भाव स्वतःहून छापतात, तिथे लपवण्याजोगं काही नसतं. पहिली पायरी लिलावगृहं आणि मोठ्या गॅलऱ्या यांच्यापुरतीच ठेवली तरी चालेल. दुसरा आक्षेप असा की संग्राहकाने पडत्या काळात पैसे घातले, जोखीम त्याची, मग नफाही त्याचाच. जोखीम त्याची होती हे मान्य. म्हणूनच नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त रक्कम त्याच्याकडेच राहते. तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे: आदिवासी कलेवर एकट्या चित्रकाराचा हक्क कसा, ती तर समाजाची? पण हा प्रश्न नेमका वारसाला पैसे द्यायची वेळ आली की आठवतो. जनगढ यांचं चित्र जनगढ यांच्या नावावर लिलावात चढतं, तेव्हा तो कोणी विचारत नाही. समाजाच्या हक्कासाठी भौगोलिक मानांकनासारखी वेगळी सोय आहे. वारली चित्रांना ते २०१४ मध्ये आणि गोंड चित्रांना २०२३ मध्ये मिळालं आहे. एक हक्क दुसऱ्याच्या आड येत नाही.

उरतो तो पुराव्याचा प्रश्न, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा आहे. ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा या बाजूंना पर्यटन वाढलं तसं भिंती, खोल्या आणि भेटवस्तू रंगवायला हात लागू लागले. हे काम करणाऱ्या तरुणांच्या चित्रांना आज मिळणारा भाव दहा हजारांच्या फार खाली असेल. जिव्या यांच्या पहिल्या कागदांनाही तसाच होता. आज जे चित्र पर्यटकाच्या बॅगेत जातं, त्याची नोंद कुठेच होत नाही. ते वीस वर्षांनी लिलावात आलं, तर चित्रकाराची मुलगी कशाच्या जोरावर म्हणणार की हे आमच्या बाबांचं? जुन्या वस्तूंचं जे झालं तेच नव्या चित्रांचं होईल. गोटुलातल्या पोरांनी कोरलेल्या लाकडी फण्या, तंबाखूच्या डब्या संग्रहालयांच्या काचेमागे आहेत. खाली जमातीचं नाव असतं, माणसाचं नसतं.

नोंदवहीची कल्पना या भागाला नवी नाही. जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोक जैवविविधता नोंदवह्या लिहिल्या गेल्या, कोणती वनस्पती कुठे सापडते आणि तिचा उपयोग काय हे लोकांनीच सांगितलं. तशीच कलेची नोंदवही ग्रामसभेने ठेवावी: चित्राचा फोटो, चित्रकाराचं नाव, माप, तारीख, पहिली किंमत, घेणाऱ्याचं नाव. या सगळ्या वह्या एकत्र ठेवण्याचं काम २०११ मध्ये स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने घ्यावं. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे संग्रहालयाचा अनुभव आहे, तिची मदत मिळू शकते. विद्यापीठाने ओल आणि उन्हापासून जपलेलं एक लहानसं दालन उभारावं आणि विम्याचा खर्च राज्याने उचलावा. मग ज्या संग्राहकांनी पॅरिस आणि मिलानला चित्रं उसनी दिली, त्यांच्याकडे गडचिरोलीसाठीही मागता येतील. जनगढ यांची मूळ चित्रं गोंडी बोलणाऱ्या मुलांना जवळून पाहायला मिळाली, तर त्या उसनवारीचं मोल कुठल्याही कॅटलॉगच्या ओळीपेक्षा कमी नसेल.

भिंतींबाबत आणखी एक हक्क लक्षात ठेवायला हवा. सरकारी कामावर काढलेल्या चित्राचा कॉपीराइट सरकारकडे जाऊ शकतो आणि भिंत काही फेरविक्रीला येत नाही. मात्र कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार आपलं काम आपल्या नावाने ओळखलं जावं आणि त्याची नासधूस होऊ नये, हा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे उरलेले भाग त्यांना परत द्यायला आणि पाच लाखांची भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. स्थानक असो, वनविभागाचं प्रवेशद्वार असो की जिल्हा परिषदेची शाळा, रंगवणाऱ्याचं नाव आणि गाव भिंतीच्या कोपऱ्यात लिहायला दोन इंच जागा पुरते. ते कंत्राटाच्या अटींतच घालावं.

संग्राहकांनी कायद्याची वाट पाहण्याचं कारण नाही. चित्र उसनं देताना करारात तीन वाक्यं वाढवता येतात: पाटीवर चित्रकाराचं नाव आणि गाव असेल, प्रदर्शनाच्या पुस्तकाची एक प्रत आणि चित्राचा चांगला फोटो कुटुंबाला जाईल, आणि पुढे हे चित्र विकलं तर ठरलेले टक्के वारसांना दिले जातील.

आणि दर ठरायचाच असेल, तर कोणीतरी व्यावसायिक न्यायालयाचं दार ठोठावायला हवं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला वकील फुकट मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणं चंद्रपुरातही आहेत आणि गडचिरोलीतही. दहा हजारांवर पुन्हा विकल्या गेलेल्या एका चित्राची छापील नोंद, ते चित्र वडिलांचं किंवा आईचं असल्याचा पुरावा आणि वारस दाखला एवढ्यावर पहिला अर्ज उभा राहू शकतो. तो पालघरच्या एखाद्या कुटुंबाने केला, तर त्यावर ठरणारा दर गडचिरोलीच्या चित्रकारालाही मागता येईल.